औताडे सरांचा ‘दुसरा कोण?’

आमच्या गारखेड्यात औताडे सरांचे केस दोन न्हावी कापतात. आळीपाळीने. एकदा चौकातले सलीमभाई, पुढच्या वेळी कमानीजवळचा बबन. सलीमभाईंना भांग डावीकडे शोभतो असं वाटतं, बबनला उजवीकडे. सलीमभाई कल्ले राखतात, बबन ते उडवतो. त्यामुळे सरांच्या डोक्यावर महिन्याआड सत्तांतर होतं आणि बिचाऱ्या केसांना कोणाच्या बाजूने पडावं ते कळत नाही. मी एकदा विचारलं, “सर, एकाकडेच का जात नाही?”

“सुलभाताई,” सर म्हणाले, “डोकं एक हाय म्हणून न्हावी बी एकच ठिवायचा? उद्या त्यानं भाव वाढवला तर जायचं कुठं?”

दूध दोन गवळ्यांचं, अर्धा-अर्धा लिटर. शर्टाला एक इस्त्रीवाला, पँटला दुसरा. पेपर दोन, आणि दोन्हीत तीच बातमी दिसली की सर खूश होऊन “संगनमत!” म्हणून ओरडत. डॉक्टरसुद्धा दोन. मध्ये पोट बिघडलं तेव्हा एका डॉक्टरांनी भात बंद केला, दुसऱ्यांनी पोळी. सर आठवडाभर नुसतं वरण पिऊन राहिले, पण एका डॉक्टरवर भरवसा ठेवला नाही.

मी कॉलेजात मराठी शिकवायचे, सर अर्थशास्त्र. शिवाय आमच्या सोसायटीत त्यांची आणि माझी भिंत एक. म्हणजे हा माणूस मला दिवसा स्टाफरूममध्ये आणि संध्याकाळी भिंतीपलीकडून, असा दोन्ही वेळा मिळायचा. त्यांचा विषय होता मक्तेदारी. बाजारात विकणारे किंवा घेणारे वरवर भांडतात आणि आतून एक होऊन समोरच्याला कसे नाडतात, ते आकड्यांनी पकडायचं शास्त्र. तक्ता नसलेलं पान त्यांना वाचवत नाही. माझी पुस्तकं मी त्यांना प्रेमाने भेट दिली, त्यांनी ती प्रेमाने उघडली, एकही तक्ता दिसला नाही म्हणून प्रेमाने मिटली. म्हणून तर हे लिहायची हिंमत करते आहे. ते हे वाचणार नाहीत, याची मला खात्री आहे.

त्यांचं सगळं शास्त्र दोन शब्दांत मावतं, “दुसरा कोण?” कुठलीही गोष्ट सांगा, सर मान तिरकी करून हेच विचारणार. जिथे दुसरा नाही, तिथे काहीतरी पाणी मुरतंय, हा त्यांचा सिद्धान्त. प्राचार्यांनी कँटीनचा नवा कंत्राटदार जाहीर केला, सर उभे राहिले, “दुसरा कोण होता?” इथवर ठीक होतं. आम्ही लेकीच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेलो, तर नवऱ्या मुलाच्या नावावर बोट ठेवून म्हणाले, “छान, छान. आणि दुसरा कोण होता?” आमच्या ह्यांना चहाचा ठसका लागला. बजाजनगरच्या कारखान्यात जन्म गेलेला माणूस, यंत्राच्या आवाजाला दचकला नाही, पण सरांपुढे दचकायचा.

हा आजार जुना होता. त्यांच्या पत्नी, आमच्या नलूवहिनी, लग्नाची गोष्ट हसून हसून सांगायच्या. सर त्यांना बघायला वैजापूरला गेले होते. पोहे खाऊन झाल्यावर मुलाने मुलीला पहिला प्रश्न विचारला, “तुम्हाला दुसरं स्थळ आलंय का?” मुलगी म्हणाली, नाही. “मग घाई करू नका. दुसरं येऊ द्या, बघा, आणि मग ठरवा. मी थांबतो.” एवढं बोलून सर पुढच्या एस्टीने निघून गेले. वहिनींचे वडील म्हणाले, पोरगं येडं हाय. पुढे बँकेतल्या एका मुलाचं स्थळ आलं, वहिनींनी ते नाकारलं आणि सरांना होकार कळवला. सर ही गोष्ट ऐकताना दर वेळी छाती फुगवत. उघड्या स्पर्धेत जिंकलेला माणूस! वहिनी गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली, पण ती छाती अजून तशीच फुगते.

मग दुष्काळाची वर्षं आली. गारखेड्यात कधी काळी ज्वारी डुलायची, तिथे इमारती उभ्या राहत होत्या आणि एकाही इमारतीच्या नळाला पाणी नव्हतं. सोसायटीने टँकर लावला. सरांनी ताबडतोब विचारलं, दुसरा कोण? आणि स्वतः उन्हात फिरून दुसरा टँकरवाला शोधून आणला. एक टँकर निळा, एक हिरवा. भाव उतरला. सरांचा सत्कार करायचं घाटत होतं, तेवढ्यात दोन्हीचे भाव एकाच सकाळी, एकाच आकड्यावर चढले. चौकशी केली तर निळ्याचा मालक हिरव्याच्या मालकाचा सख्खा मेहुणा निघाला. सोसायटी चिडली. सर मात्र आनंदाने वेडे व्हायचे बाकी होते. “सापडलं! जित्तं संगनमत सापडलं!” दुसऱ्या दिवशी त्यांनी एम.ए.चा वर्ग आमच्या गेटवर आणून उभा केला आणि राणीच्या बागेतले प्राणी दाखवावेत तसे ते दोन टँकर मुलांना दाखवले. मेहुण्यांनीही कौतुकाने फोटो काढून घेतले.

एवढा शिकवण्याचा सोस, पण सरांच्या हाताखाली एकही विद्यार्थी डॉक्टर झाला नव्हता. कारण पुन्हा तेच. कोणी “सर, मला तुमच्याकडं पीएच.डी. करायची” म्हणत आलं, की सर विचारत, “माझ्याशिवाय दुसरा कोण बघितला?” कोणी नाही, म्हटलं की झालं. “मग आधी दोघा गाइडांकडं जाऊन ये. त्येंचं ऐक. मग बी मीच वाटलो तर ये.” विद्यार्थी जायचे, आणि तिकडेच रमायचे. दुसऱ्या गाइडांकडे प्रबंध भराभर होत, पेढे वाटले जात, आणि ते पेढे आमच्या स्टाफरूममध्ये पहिल्यांदा औताडे सरांपुढे येत. प्राचार्य म्हणायचे, “औताडे, तुमच्या झाडाला फळ कधी?” सर पेढा खायचे आणि म्हणायचे, “गिऱ्हाईक शहाणं झालं, ह्येच फळ.” आम्ही हसायचो. तेही हसायचे, जरा उशिरा.

निवृत्ती जवळ येत चालली होती तेव्हा शीतल वाघमोडे आली. घर मेंढपाळाचं. ज्या माळांवर तिच्या आजोबांची मेंढरं चरली, तिथे आता प्लॉट पाडून दगड रोवले होते. ती आमच्याच कॉलेजात तासावर शिकवत होती. डॉक्टरेट झाली तर कायमची नोकरी, नाहीतर आज तास आहे, उद्या नाही. सरांनी तिलाही नेहमीप्रमाणे घालवून दिलं. स्टाफरूमच्या दारातून ती पाठमोरी जाताना मी मनात म्हटलं, झालं, हीही गेली.

आठवड्याने ती परत आली. सर वर्गाचे पेपर तपासत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“जाऊन आलीस?”

“व्हय सर. दोघांकडं बी गेले.”

“मग? काय वाईट हाय त्यांच्यात?”

“वाईट काय नाय सर. दोघं बी लगेच हो म्हणाले. मला इचारलंच नाय काय शोधायचंय म्हणून.”

सर लाल पेन उघडं टाकून बाहेर गेले आणि दोन टपऱ्यांवरचे दोन चहा घेऊन आले. शीतलला दोन्ही प्यावे लागले.

तिला शोधायचं होतं ते असं. वैजापूरच्या बाजूला एक शेळ्या-मेंढ्यांचा आठवडी बाजार आहे. गावाचं नाव प्रबंधातही नाही, म्हणून मीही सांगत नाही. दुष्काळात चारा-पाणी संपलं की माणसं जनावरं विकायला काढतात. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली हातात हात घालायचा आणि बोटं दाबायची. एक बोट म्हणजे एक हजार. पाहणाऱ्याला काही कळत नाही. दुष्काळात भाव पडतो हे सगळ्यांना ठाऊक, पण तो जेवढा पडायला हवा त्याहून जास्त पाडला जातो का, हा तिचा प्रश्न होता.

पहिला कच्चा मसुदा तिने रागाच्या भरात लिहिला. सरांनी तो परत दिला तेव्हा मी शेजारीच होते. ‘दलाल-व्यापारी चोर आहेत’ हे वाक्य जिथे जिथे होतं, तिथे तिथे लाल रेघ.

“चोर हायतच सर ते!” शीतल म्हणाली. “माझ्या बापाचं कोकरू मातीमोल गेलं.”

“आसतील. पण तू म्हणायचं नाय. आकड्याला म्हणू दे. आन् मला सांग, भाव दुष्काळानं पडला का दलालानं, हे तुला कशावरून कळलं? दुसरा बाजार कुठाय?”

“कुठला दुसरा?”

“जिथं दुष्काळ ह्योच हाय, पण रुमाल नाय. जिथं उघडा लिलाव हाय. दोन्हीकडं भाव सारखा पडला तर दुष्काळ. हितं जास्त पडला तर रुमाल. जा, दुसरा शोध.”

ती रडवेली होऊन गेली आणि दुसरा बाजार शोधून आली. मग दोन्ही बाजार सुरू झाले. रविवारी इकडे, गुरुवारी तिकडे. उन्हाने काळी ठिक्कर पडली, पण ‘चोर’ हा शब्द पुन्हा लिहिला नाही.

एकदा सरांनाही बाजार डोळ्यांनी बघायची हौस आली. “पुस्तकी गाइड नको” म्हणून निघाले, आणि मलाही बरोबर घेतलं, का ते त्यांनाच ठाऊक. तिथे सरांनी शीतलच्या नकळत, केवळ अभ्यास म्हणून, दलालाच्या रुमालाखाली हात घातला. दलालाचा अंगठा तळव्याला लागला आणि सरांना गुदगुल्या झाल्या. त्यांनी दचकून दलालाचा पंजाच आवळला. पंजा म्हणजे पाच. दलालाने हात झटकून सौदा पक्का केला आणि एका अत्यंत वयस्कर शेळीचं दावं सरांच्या हातात दिलं.

“सर, ह्या शेळीला दोन कुणी दिले नसते,” शीतल कपाळाला हात लावून म्हणाली.

“पण सांगायला आवाज कुठं होता माझा? रुमालाखाली मी एकटाच!” सर शेळीसकट थरारून गेले होते. “शीतल, लिही हे. एकटा पडला की माणूस काय बी भाव मान्य करतो. लिही!”

शेळी जीपमधून गारखेड्यात आली. संशोधनात सापडली म्हणून सरांनी तिचं नाव नमुना ठेवलं. त्या घरातला खरा नमुना कोण यावर सोसायटीत दुमत होतं. सर तिला चारासुद्धा दोन दुकानांतून आणत. भांडी धुतलेलं पाणी घालून मी जगवलेली माझी तुळस तिने एका सकाळी साफ केली, तेव्हा मात्र मी भिंतीवरून जे काही बोलले ते मराठीच्या प्राध्यापिकेला शोभणारं नव्हतं. शेवटी शीतलचे वडील येऊन नमुन्याला कळपात घेऊन गेले. सर फाटकापर्यंत पोचवायला गेले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले.

प्रबंध सादर झाला आणि खरा घोर लागला. तोंडी परीक्षेची तारीख सरांच्या निवृत्तीच्या अगदी तोंडावर आली. परीक्षकांनी प्रबंध दुरुस्तीला परत पाठवला असता तर तोवर सर निवृत्त झाले असते, शीतल दुसऱ्या गाइडकडे गेली असती, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. कायमच्या जागेची मुलाखत त्याच उन्हाळ्यात होती. सरांनी त्या आठवड्यात दोन्ही न्हाव्यांकडे एकापाठोपाठ जाऊन केस कापून घेतले. काय उरलं असेल ते तुम्हीच समजा.

परीक्षक पुण्याच्या एक बाई होत्या. कडक, पण कान उघडे. हॉल भरला होता. शेवटच्या रांगेत शीतलचे वडील पटका बांधून बसले होते, मांडीवर घोंगडं. गाइडने बोलायचं नसतं, म्हणून सर माझ्या शेजारी बसले आणि त्यांनी माझ्या पर्सचा बंद मुठीत धरला.

सुरुवात चांगली झाली. दोन बाजार, एक दुष्काळ, रुमालाच्या बाजारात भाव जास्त खाली. बाईंनी मान डोलावली, आणि मग पेन खाली ठेवलं.

“आकडे ठीक आहेत. पण मला एक सांगा. व्यापाऱ्यांनी आपसात ठरवलं की भाव वाढवायचा नाही. कबूल. पण रुमालाखाली भाव गुप्त असतो. मग एखादा व्यापारी चोरून एक बोट जास्त दाबेल आणि चांगली शेळी पळवेल. बाकीच्यांना कळणारही नाही. जिथे भाव गुप्त, तिथे एकी टिकत नाही. हे तर आमच्या शास्त्रात पहिल्या वर्षाला शिकवतात. तुमचं संगनमत टिकलं कसं?”

पर्सचा बंद कर्रकन वाजला. “ह्यो प्रश्न मी इचारायला पायजे होता,” सर पुटपुटले. “मी इचारला नाय.” त्यांचा चेहरा पाहवेना. त्या क्षणी मला पहिल्यांदा त्यांचा राग आला नाही, भीती वाटली. त्यांच्यासाठी.

शीतलने पाण्याचा घोट घेतला. मग टेबलावर बाईंच्या सत्कारासाठी ठेवलेली शाल उचलली.

“मॅडम, जरा हात द्या. तुम्ही धनगरीण. तुमची शेळी इकायचीय. आन् सर, तुम्ही व्यापारी.” हे आमच्या प्राचार्यांना. “मी दलाल. सर, तुम्हाला चोरून भाव वाढवायचाय. दाबा किती बोटं दाबायची ती.”

प्राचार्य भावाच्या बाबतीत उदार. त्यांनी शालीखाली शीतलच्या उजव्या हाताची चार बोटं दाबली. शीतलचा डावा हात शालीखाली बाईंच्या हातात होता.

“मॅडम, तुम्हाला किती आले?”

“दोन,” बाई म्हणाल्या.

“मी चार दाबली!” प्राचार्य ओरडले.

हॉलमध्ये हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. त्या शालीकडे बघत राहिल्या. “म्हणजे ह्यांचा हात माझ्यापर्यंत पोचलाच नाही.”

“नाय पोचत मॅडम. चोरून वाढवलेला भाव इकणाऱ्याच्या हातात पडला, तर एकी मोडंल. पण मधी दलालाचा हात हाय. भाव आमच्यापासून लपतो, त्याच्यापासून नाय. कोण फुटतोय ते त्याला आधी कळतं. फुटला त्याला पुढच्या बाजारी जनावरच मिळत नाय. माझं चौथं प्रकरण त्याच्यावरच हाय.”

बाईंनी पुढे वाकून विचारलं, “मग त्या बाजारात ह्या दलालाशिवाय दुसरा कोण आहे?”

सगळा हॉल एकदम फुटला. मागच्या बाकावरची पोरं बाक बडवायला लागली. बाईंना कळेना आपण काय विनोद केला. शीतलने सरळ सरांकडे बघितलं आणि म्हणाली, “दुसरा नाय मॅडम. मला बी सरांनी पयल्या दिवशी हेच इचारायला शिकवलं.”

बाईंनी तिथल्या तिथे अभिनंदन केलं. दुरुस्ती नाही, काही नाही. शीतलच्या वडिलांनी मागून येऊन सरांच्या खांद्यावर घोंगडं टाकलं, मे महिन्यात, आणि सरांनी ते घामाने निथळत संध्याकाळपर्यंत उतरवलं नाही. शीतलला ती जागा मिळाली. पुढे त्या बाजार समितीने प्रबंध मागवून घेतला आणि लाकडी ओटा बांधून उघडा लिलाव सुरू केला. शीतलच्या वडिलांची पहिली तक्रार आली, “पोरी, भाव लई चांगला आला, पण सगळ्या गावाला कळला की गं!”

त्या परीक्षेच्या संध्याकाळी सर आमच्याकडे पेढे घेऊन आले. दोन दुकानांचे, अर्थातच. आमचे हे दोन्ही चाखून बघत होते. सर खुर्चीत बसले आणि त्यांनी घोंगडं सावरलं.

“सुलभाताई, तुम्ही सगळे हसायचा. मी पोरांना घालवून का देतो म्हणून.”

“हसायचो,” मी म्हटलं.

“ते शास्त्र वगैरे ठीक हाय. पण खरं सांगू का? प्रत्येक पोरगं गेलं की मी दाराकडं बघत बसायचो. येतंय का माघारी. एवढी वर्षं शिकवलं, पण दुसरा बघून बी माझ्याकडंच आलेली माणसं दोनच. एक ही पोरगी. आन् एक नलिनी. ती तर बँकेतलं स्थळ सोडून आली होती. आज ती पायजे होती.”

मला गलबलून आलं. कारण बँकेतल्या त्या मुलाबद्दल मला सरांपेक्षा थोडं जास्त ठाऊक होतं. वहिनी शेवटच्या आजारात दवाखान्यात होत्या, तेव्हा एका दुपारी माझा हात धरून खुदकन हसल्या होत्या. “सुलभा, तुला म्हणून सांगते. कसली बँक आणि कसलं स्थळ! कुणी आलंच नव्हतं गं. मला हाच पाहिजे होता. पण दुसरं आल्याशिवाय हा हो म्हणेना. मग मीच एक मुलगा तयार केला. ह्यांना सांगू नकोस. फार मानाने मिरवतात ते.”

सर माझ्याकडे बघत होते. केस नुकतेच दोनदा कापलेले, खांद्यावर घोंगडं, डोळे भरलेले.

“हो,” मी म्हटलं. “वहिनी सांगायच्या. मुलगा फार देखणा होता म्हणे.”

सरांनी डोळे पुसले. छाती हळूहळू फुगली.

“माझ्यापेक्षा?”

“पुष्कळच,” मी म्हटलं, आणि त्यांच्यापुढे दोन्ही पेढे ठेवले.